एकाच नळाचं बेसिन

बर्नाडेट कोझ्लिकला लोकांच्या स्वयंपाकघरात गप्प बसायचा पगार मिळतो. मिलवॉकीतली आमची कंपनी किटल्या, सुऱ्या, म्हाताऱ्यांचे वॉकर, असल्या हातात धरायच्या वस्तूंची डिझाइनं करते. माणसं त्या वस्तू खरोखर कशा हाताळतात, हे बर्नी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघते. तिच्याइतकी चौकस बाई मी पाहिली नाही, आणि नसत्या चौकशा तर मीही कमी करत नाही.

नव्या ऑफिसात कल्पना सुचण्यासाठी खास खोली हवी, हा हट्ट तिचाच. त्यासाठी ती सगळ्यांशी भांडली. तळ्याकडची मोठी काच, मऊ खुर्च्या, लिहायला पांढरी भिंत. पण तिथे कोणाला काही सुचेना. मी मात्र तिथे छान झोपलो. आमचा मालक हार्लन म्हणाला, हिवाळ्यापर्यंत खोली चालली नाही तर तिथे गोदाम करीन.

बर्नीच्या ते जिवाला लागलं. तिनं स्टूल उचललं आणि आमच्याच मागे लागली.

"आता आम्ही गिऱ्हाईक का गं?" मी विचारलं.

"तू काम कर. मी इथे नाहीच असं समज."

स्टूल फिरत फिरत कार्यशाळेतल्या बेसिनपाशी थांबलं. गोंदानं, रंगानं बरबटलेले हात धुवायला तिथे एकच नळ, त्यामुळे कायम रांग. आमची डिझायनर इनेस रांगेत उभी होती, काखेत एका वॉकरची फोमची नमुना-मूठ. तिच्या मागे रांगेत आमच्यातलाच ओरिन होता, तो म्हणाला, "ही माझ्या आईला धरवणार नाही. तिचा अंगठा वळतच नाही."

इनेसनं मूठ काढली, उलटी धरली, पुन्हा उलटी धरली. मग हात न धुताच दोघं टेबलाकडे पळाले. कितीतरी दिवस अडलेलं काम त्या दुपारी सुटलं.

त्याच आठवड्यात हार्लननं जाहीर केलं, रांगेत फार वेळ जातो, आणखी नळ बसवतो. सगळे खूश. बर्नी स्टुलावरून उठली.

"बसवू नकोस."

"अगं, सगळ्यांचीच तक्रार आहे."

"असू दे. रांगेत दुसऱ्याच्या हातात काय आहे ते बघतात, तेव्हाच यांना सुचतं. माझ्या खोलीत नुसती एकमेकांची तोंडं बघत बसतात."

"म्हणजे तुझी खोली फुकट गेली म्हण की," हार्लन सगळ्यांदेखत म्हणाला.

तिचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

"गेली," ती म्हणाली. "परक्यांची घरं बघत फिरले आणि आपलंच बघायचं राहिलं. कर तिथे गोदाम."

खोलीत आता खोकी आहेत. नळ एकच आहे. बर्नीचं काम बघण्याचं, तिचे हात कधी मळत नाहीत. पण काल रांगेत ती माझ्यापुढे होती, आणि बोटं निळीशार.

"शाई सांडली का गं?"

"सांडली नाही, मुद्दाम लावून आले," ती म्हणाली आणि माझ्या हातातल्या किटलीच्या झाकणाकडे वाकली. "हे असं का रे उघडतं?"