हयात वकिलाचा शोकठराव

सत्तरच्या दशकात नागपूरच्या कोर्टात बायका वकील इतक्या कमी होत्या, की आम्ही बाररूममध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. मी अठ्ठावीस वर्षांची, वकील संघाची सहचिटणीस. निवडून वगैरे आले नव्हते. कार्यकारिणीत एक बाई असलेली बरी दिसते, म्हणून घेतलेली. माझ्याकडे कामं दोन. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं आणि कोणी वारलं की शोकठराव लिहायचा.

शोकठरावात मी तरबेज झाले होते. वकील वारला की सकाळी सगळे जमायचे, अध्यक्ष माझा ठराव वाचायचे, दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग दिवसभर कामकाज बंद. पहाटेच्या एसटीनं आलेले पक्षकार पुढची तारीख घेऊन परत आणि वकील मंडळी मॅटिनीला. याचा मला तेव्हा जराही राग येत नसे. माझं सगळं लक्ष माझ्या ठरावानं कोणाचे डोळे पाणावले इकडे. 'तेजस्वी तारा निखळला' हे मी एका वर्षात तिघांसाठी वापरलं. त्यातल्या दोघांना कोर्टात तोंड उघडताना कोणी पाहिलं नव्हतं. अशी मी विदुषी.

आमच्यात एक वकील होते, चाळिशी नुकतीच ओलांडलेले. छप्पन साली आईवडिलांबरोबर बौद्ध झाले तेव्हा ते कॉलेजात शिकत होते. घराण्यातला पहिला काळा कोट त्यांचाच. काम चोख. बाररूममध्ये प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती, यांची नव्हती. ते बाहेर निंबाखाली टेबल टाकून बसत. त्यांना आत खुर्ची का नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एका सोमवारी बातमी आली की त्यांना हृदयविकाराचा झटका आलाय, दवाखान्यात आहेत, काही खरं नाही. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मसुदा तयार ठेवा. उद्या ऐनवेळी धावपळ नको."

मी तयारच होते. माझी एक केस अपिलाच्या कोर्टात लागायची होती, म्हणून तिथेच बाकावर बसून मांडीवर कागद घेतला. वर तारीख टाकली आणि सुरुवात केली. 'मनमिळाऊ' पाशी अडले. मनमिळाऊच्या पुढे काय शोभेल याचा विचार चालला होता, तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला. भिवापूरच्या एका शेतकऱ्याचं अपील, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादाचं. वकील तेच, दवाखान्यातले. दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. न्यायाधीशांनी आमच्याकडे पाहिलं. "यांच्यातर्फे कोणी आहे?"

आम्ही आठ-दहा काळे कोट बसलेलो. पहिल्या रांगेत खुद्द अध्यक्ष. 'ते दवाखान्यात आहेत, तारीख द्यावी,' एवढंच म्हणायचं होतं. त्याला वकालतनामा लागत नाही, दोन पाय लागतात. कोणी उठलं नाही. अपील गैरहजेरीत खारीज झालं. मला त्याच वेळी 'निगर्वी' सुचलं आणि आनंद झाला.

माणूस वाचला. महिनाभरानं कोर्टात आला तो निम्मा होऊन. तोवर त्या शेतकऱ्याची तक्रार गेलेली होती, की माझा वकील दुसऱ्या पार्टीला मिळाला आणि मुद्दाम आला नाही. सनद देणाऱ्या परिषदेनं आमच्या संघाचं मत मागवलं. सनद जाण्याचीच वेळ होती ती. कार्यकारिणीनं चहा येईपर्यंत मत ठरवूनही टाकलं. 'योग्य ती कार्यवाही व्हावी.' पुढच्या बैठकीत त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

परिषदेला उत्तर देण्याआधी ते वकील संघाकडची आपली फाइल बघायला आले. मी दिली. फाइलमध्ये काय काय आहे हे बघावं, एवढी अक्कल मला नव्हती. ते बसले, चष्मा लावला, पानं उलटली आणि एका कागदावर थांबले.

"'सर्वांचे लाडके'," त्यांनी वाचलं. "बरं. 'मनमिळाऊ, निगर्वी, बाररूमचा आत्मा'. बाई, या आत्म्याची खुर्ची कोणती, जरा दाखवता का?"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. मग वरच्या तारखेवर बोट ठेवलं. "हे लिहिलं कुठं बसून?"

"अपिलाच्या कोर्टात."

"पुकारा झाला तेव्हा तिथंच होत्या?"

"हो."

"मी दवाखान्यात आहे हे माहीत होतं?"

"हो."

"मग उठल्या काहून नाही?"

ते रागावले नव्हते. साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. मी विशेषण शोधत होते, हे काही माझ्या तोंडून निघेना. त्यांनी फाइल मिटली आणि जिन्याचा कठडा धरत, प्रत्येक पायरीवर थांबत खाली गेले.

आधी मला माझी लाज वाटली, मग सगळ्यांचाच संताप आला. बैठकीत मी सांगितलं, "त्या दिवशी मी हजर होते. पुकारा ऐकला. गप्प बसले. हे मतात लिहायचं, आणि बाकी कोण कोण बसले होते तेही."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, भावनेच्या भरात बोलून राहिल्या तुमी. संघाची अब्रू जाईल."

"साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत होता."

"मी माझ्या केसच्या विचारात होतो."

"मी माझ्या ठरावाच्या. दोन्ही लिहिते."

कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "मग काय, उद्यापासून दर आजाऱ्याच्या तारखा आपण सांभाळायच्या? पायंडा पडेल."

"पडू द्या," मी म्हणाले. "मेलेल्यासाठी अख्खं कोर्ट बंद ठेवता, जिवंतासाठी एकानं उठायचं तर जड होतं?"

माझं मत फेटाळलं गेलं. पण इतिवृत्ताची वही माझ्या हातात होती आणि घडलं ते लिहिणं हे माझं कामच. सगळं लिहिलं, नावांसकट. मतासोबत तो उतारा परिषदेकडे गेला आणि पुढच्या वर्षी कार्यकारिणीतून मी गेले. आजाऱ्याच्या तारखा सांभाळण्याचा नियम काही झाला नाही. त्या बैठकीच्याच महिन्यात एक वयोवृद्ध वकील वारले, काम बंद राहिलं, मंडळी मॅटिनीला गेली. आज आठवलं तरी डोकं तापतं.

अपील पुन्हा बोर्डावर घ्यावं म्हणून निंबाखालच्या वकिलांनी अर्ज केला. त्याला मी माझं शपथपत्र जोडलं. न्यायाधीशांनी ते वाचून भर कोर्टात विचारलं, "तुम्ही हजर होता, मग बोलल्या का नाहीत?"

"चुकले," मी म्हणाले. पाठीमागच्या बाकांवर हालचाल झाली, पण दुसरं कोणी 'मीही' म्हणून उठलं नाही. अपील पुन्हा सुनावणीला लागलं.

बाहेर निंबाखाली तो भिवापूरचा शेतकरी वकिलांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, मले वाटलं तुमी फिरले. मी दिवसभर इथंच, या टेबलापाशी वाट पाहून राहिलो होतो. मले काय मालूम तुमी दवाखान्यात." वकिलांनी त्याला खुर्चीवर बसवलं. तो बसला आणि माझ्याकडे वळला.

"बाई, यायच्यावरची तक्रार मी आजच मागं घेतो. पण तिथं बाकावर बसून होते, त्यायच्यावरची कुठं करायची?"

मी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. गैरहजर राहणाऱ्यासाठी कलमं होती. हजर राहून गप्प बसणाऱ्यासाठी एकही नव्हतं.

"तशी जागा नाही, भाऊ."

"मंग तुमी एवढे शिकलेले लोक," तो म्हणाला, "बसून बसून करता काय?"