शेवटच्या धारा

"घाबरू नका भागीरथीबाई, तुमचं दूध पास होणारच." रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी हे म्हणालो होतो. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की उठून जायचो.

ऐंशीच्या दशकात मी तिथे फूड इन्स्पेक्टर होतो. दर महिन्याला अन्नपदार्थांचे ठरावीक नमुने घ्यावे लागत. त्या महिन्यात एक कमी पडत होता. भागीरथीबाई पूर्णगडच्या वाटेवरच्या गावातून पहिल्या एसटीने दूध घेऊन येत. नवरा मुंबईला, घरी एक म्हैस. आमच्याकडे त्यांचाच रतीब होता. दूध चोख आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यांना थांबवलं. नमुना पास होईल, माझा आकडा भरेल, कुणाचं काही बिघडणार नाही.

"रोज आमच्या दुधाची चाय पिताव, नि आज बाटलीत भरताव?" त्या हसल्या. "वयनीन् सांगितलान् काय, दूद पातळ हाय म्हनून?"

मी तीन बाटल्या भरल्या, नमुना नासू नये म्हणून फॉर्मलीन टाकलं, लाखेचं सील केलं. एक बाटली प्रयोगशाळेत गेली.

रिपोर्ट आला: फॅट कमी. एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग, मात्र पूर्ण होता. पाणी घातलं असतं तर दोन्ही उतरलं असतं. पण कायद्यात भेसळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरलं की भेसळच. आणि शिक्षा कैदेची.

मी त्यांच्या गोठ्यात गेलो. त्या दूध काढत होत्या. सडांत दूध असतानाच त्या उठल्या आणि पारडू सोडलं.

"सगळं का नाही पिळत?"

"शेवटच्या धारा त्येच्या. त्येच्या तोंडचा काडून लोकांस्नी घालू काय? पाप लागंल."

पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या धारांत लोणी, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. फॅट पारडाच्या पोटात जात होतं.

मी साहेबांकडे गेलो. "पाणी नाही साहेब. पारडाला सोडतात म्हणून फॅट कमी येतंय."

"तुम्ही केमिस्ट की इन्स्पेक्टर?"

"इन्स्पेक्टर."

"मग केस दाखल करा. बजेटच्या वेळी वरचे विचारतात, केसेस किती झाल्या? चांगलं दूध किती सापडलं, हे आजवर कुणी विचारलंय?"

मी केस दाखल केली. बाहेरून येणाऱ्या दुधातलं जास्तीचं फॅट डेअरीवाले यंत्राने काढून घेत आणि बरोबर प्रमाणावर आणून ठेवत. ते नेहमी पास होई.

कोर्टात माझी साक्ष झाली. शेवटी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" भागीरथीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या गोठ्यात येऊन गेलो होतो, आता ते सांगेन, असं त्यांना वाटत असावं.

"नाही," मी म्हणालो.

त्या तुरुंगात गेल्या. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडीना. दिराने ती विकून टाकली. आमच्या ऑफिसच्या वार्षिक अहवालात एक केस 'यशस्वी' म्हणून लागली. सरकारी खात्यात जे मोजलं जातं तेच काम ठरतं, एवढं मी नोकरीत शिकलो.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांच्या दारात गेलो. त्यांनी ओळखलं. "बसा सायब," म्हणाल्या आणि चहा केला. गोठ्यात लाकडं रचलेली होती.

"पिशवीच्या दुदाचा हाय. ग्वाड लागतो काय?"

"चांगला झालाय," मी म्हणालो. येताना एसटीत वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलं. मी विचारलं, "यंदा काजू कसा आहे?"

त्यांनी काजूचं सांगितलं. मी कप खाली ठेवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.