आबांची मुंगळ्यांची टोळी

धुळ्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत होते, तेव्हा दिलीपचा फोन आला. "अक्का, आबा गेले." सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच मान कलली. मग माझा धाकटा भाऊ रडत रडतच म्हणाला, "अन् अक्का, मुंगळ्याइले आज खायला कोण घालीन?"

यावलजवळच्या आमच्या गावात आबा केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. कोणत्या बागेत किती माणसं न्यायची, कोण कापणार, कोण घड वाहणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. त्यांची मुलगी एम.एस्सी. झाली, घरातली पहिली पदवीधर. हे मी मिरवूनच सांगते, कारण आबाही मिरवत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या जिन्यात मला पंख गळालेली मुंगळ्यांची राणी सापडली. काचेच्या नळीत ओल्या कापसाशी ती ठेवली, पण रेक्टरबाईंनी हाकलली, म्हणून सुट्टीत घरी नेली. आई म्हणाली, "लोक कुत्रं पाळतात, आमची पोरगी मुंगळा पाळते व माय!" मी परत गेले आणि नळी आबांकडे राहिली. कामकरी मुंगळे निघाले, वाढले. आबांनी जुन्या फोटोची काच लावून लाकडी पेटी केली, आत घर आणि पुढे अंगण असे दोन कप्पे, दुधाच्या कपाटासारखे तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. साखरपाण्याचा थेंब, मेलेली माशी... रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी पेटी, मग हातपाय.

एकदा त्यांनी बागेतल्या केळीचा तुकडा पेटीत टाकला. त्यावर फवारणी झालेली होती. निम्मे मुंगळे मेले. आबांनी मला सांगितलं नाही, स्वतःच उपाय केला. टोळीत माणसं कमी पडली की दुसऱ्या गावची आणायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. शेतातल्या निंबावरचे तीसेक मुंगळे धरून त्यांनी पेटीत सोडले. दुसऱ्या वारुळाचा मुंगळा म्हणजे वैरीच. दुसऱ्या दिवशी पेटीत जिकडेतिकडे तुटलेल्या तंगड्या.

तेव्हा कुठे फोन आला. "माय, बठ्ठे एकमेकाइले चावून मेले. राणी हे, अन् कोपऱ्यात दहाबारा. आता काय करू?"

मी एम.एस्सी.ला होते, शेजारी मैत्रिणी होत्या. म्हणाले, "आबा, ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हात कशाला घालता?"

आबा म्हणाले, "खरं हे, माय." फोन ठेवला.

त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट मला विचारू लागले. पाणी बदलू का, पेटी उन्हात सरकवू का. ज्या माणसाच्या शब्दावर चाळीस माणसं उठायची, तो माझी परवानगी मागत होता. मला ते टोचायचं. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं, ते जिभेवर यायचं आणि राहून जायचं.

राणी जगली, टोळी पुन्हा भरली. एका दिवाळीला घरी गेले तर काही मुंगळ्यांच्या पाठीवर लाल ठिपके. दिलीपची बायको करवादली, "माझी नेलपॉलिश आबांनी संपवली!" आबा लाजले. आत पोरं सांभाळणाऱ्या तरण्या मुंगळ्यांना त्यांनी काडीच्या टोकानं ठिपके लावले होते, आणि महिनोन्‌महिने पाहत बसले होते. "आता तेच ठिपकेवाले बाहेर हिंडून राह्यले. तरणा असला की घरात काम. म्हातारा झाला की दाण्यापाण्याले बाहेर. बाहेर जीव जातो ना, म्हणून म्हातारा पाठवायचा. मी बी जोखमीच्या कामाले आधी सोताच जायचो."

मी थक्क झाले. "आबा, हे पुस्तकात आहे. असंच लिहिलंय."

"मंग पुस्तक लिहिणारा बी मुकादमच असीन," आबा म्हणाले, आणि आम्ही दोघं खूप हसलो. तेव्हा तरी म्हणायला हवं होतं मी. नाही म्हणाले. वाटलं, पुढच्या खेपेला...

तेराव्यानंतर पेटी मांडीवर घेऊन एसटीनं धुळ्याला आले. आता ती आमच्या प्रयोगशाळेत, खिडकीशी आहे. तिथल्या प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी असते: जात, ठिकाण, निरीक्षण कोणाचं. मी वडिलांचं नाव लिहिलं, सुपडू नथ्थू. विभागप्रमुख सर चिठ्ठी वाचत उभे राहिले. बाकी सगळ्या नावांपुढे एम.एस्सी., पीएच.डी. होतं.

"मॅडम, यांच्या नावापुढे काय लिहायचं?"

मी पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुकादम'. मग मी आबांना फोनवर सुनावलं होतं, 'ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हात कशाला घालता', ते वाक्य सरांना सांगितलं, प्रॅक्टिकलला आलेल्या सगळ्या वर्गाच्या देखत. मुलं एकेक करून पेटीपाशी आली आणि वाकून बघू लागली.