आक्कांची रिकामी बॅग

मिरजेच्या दवाखान्यातनं फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा वाळत घालत होते. आक्का गेल्या... माझ्या थोरल्या जाऊबाई. ऐकलं, आणि मग कितीतरी वेळ नुसत्या शेंगाच पसरत बसले. उन्हात सगळं अंगण पाण्याखाली गेल्यागत हलत होतं. पायरीवर शेरू, आमचा कुत्रा, पाय ताणून झोपला होता. महिना होऊन गेला, पण ती दुपार माझ्या अंगणातनं उठायला तयार नाही.

शेरूला वाचवलं आक्कांनी, नाहीतर तो केव्हाच लोणंदच्या बाजारात भटकत असता. आमचं घर उसाचं आणि फौजेचं. आक्कांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, सुट्टी संपली की तांबडं फुटताना मागच्या दारानं गुपचूप निघायचे. जवान निघताना घरात कुणी रडायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. म्हणून मग निरोपच नाही! आम्ही बायका चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायचो. शेरूला कुठलं आलंय निमित्त? तो त्यांचं अंथरूण हुंगायचा, दार खरवडायचा, चपला फाडायचा. पुढं पुढं तर कुणी बॅग उचलली की अंगावरच यायला लागला. एकदा सासऱ्यांच्या बहीण, आत्याबाई, एसटीला निघाल्या, तर त्यांचा हातच दातात धरला त्यानं. इंजेक्शनं झाली, गावभर बोभाटा झाला.

"पोत्यात घाला आन् लांब सोडून या त्येला," सासरे कडाडले.

आक्कांनी पदर खोचला. "आवं मामा, त्यो चावरा न्हाई, भ्यालाय. बॅग उचलली की मानूस गायब हुतंय, एवढंच त्येला ठावं. दिवाळीपातूर थांबा. न्हाई सुधारला तर मीच सोडून यीन."

आधी त्यांनीही त्याला चपलेनं बडवलं होतं हं, मी काही त्यांची देवी करत नाही. पण मारलं की तो जास्तच बिथरतो, हे त्यांनी ओळखलं. मग सुरू झाला एकेक तमाशा. रिकामी बॅग उचलायची, भाकरीचा तुकडा द्यायचा, बॅग परत खाली. तो गप बसायला लागला, तशा त्या दारापर्यंत जाऊन यायच्या, मग वडापर्यंत, मग एसटीच्या थांब्यापर्यंत. जाताना "येते रं शेरू" म्हणायचं आणि खरंच यायचं. बिथरला, तर दुसऱ्या दिवशी थोडं जवळूनच परत.

"काय वैनी, आज कुठली गाडी?" पोरं टिंगल करायची.

"दिल्लीची! तुजं तिकीट काढू का?"

हातात रिकामी बॅग, दोन्ही बाजूला उसाचे तुरे, आणि मधनं डुलत येणाऱ्या आक्का... मी ते खरंच बघितलं की झोपेत, असं आता वाटतं. दिवाळीला आत्याबाई आल्या आणि बॅग घेऊन निघाल्याही. शेरूनं नुसती मान वर केली. सासऱ्यांनी आपल्या ताटातली करंजी त्याच्यापुढं टाकली.

मिरजेला जाताना आक्कांनी बॅग स्वतः भरली. लय थकल्या होत्या. "येते रं," म्हणाल्या. शेरूनं शेपूट हलवलं आणि पायरीवर जाऊन बसला. बॅग परत आली, तिच्यात त्यांची साडी होती. तो अजून तसाच शांत बसतो, वाटेकडं बघत. त्याचा तो विश्वास मला बघवत नाही हो. त्यापेक्षा चपला फाड म्हणावं, बाबा!

दिवसकार्य झालं, दीर ड्युटीवर निघाले. तांबडं फुटत होतं. मागच्या दाराची कडी वाजली तशी मी जाऊन आडवी उभी राहिले.

"भावजी, पुढच्या दारानं जावा. त्येला सांगून जावा."

"काय सांगू?"

"येतो म्हना."

ते पायरीवर शेरूजवळ टेकले. "येतो रं," म्हणाले, आणि तो एवढा मोठा फौजी माणूस कुत्र्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागला. आवाजानं सासरे बाहेर आले. त्यांनी लेकाच्या खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली.

"रड लेका," म्हणाले. "गाडी दुसरी घावंल."