पावाच्या गाडीची सत्तेचाळीस वळणं

१२ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार. सकाळी सव्वानऊला लोथार वीगांटने पेट्रोल पंपावर ६१ युरो ४० सेंट दिले. वरची चिल्लर त्याने खिशातल्या खिशातच बोटांनी चाचपून काढली. कुठल्या नाण्याची कड गुळगुळीत आणि कुठल्याची खाचांची, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. गल्ल्यावरच्या बाईला काही वेगळं वाटलं नाही. लोथारला तेच हवं होतं.

गाडीत त्याची बायको रोसविथा मांडीवर नकाशा पसरून बसली होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली म्हणून दोघं तीन दिवसांच्या सहलीला निघाली होती. आधी जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलातला लोथारचा जुना पावाचा रस्ता, मग डोंगर ओलांडून पलीकडच्या गावातलं छोटं गेस्ट हाउस. तिला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लोथारला समोर बसवून सांगितलं होतं, “वीगांटसाहेब, आजपासून गाडी चालवणं बंद.” दोन्ही डोळ्यांत नजरेच्या बरोबर मधोमध एक राखाडी डाग बसला होता आणि तो वाढतच जाणार होता. घरी येऊन लोथार बायकोला म्हणाला होता, “डोळ्यांत घालायला थेंब दिलेत.” थेंब दिले होते, हेही खरंच होतं.

त्याने मनाशी ठरवलं होतं, एकदाच. तिला तो रस्ता दाखवायचा आणि मग किल्ली कायमची खुंटीला.

हा रस्ता म्हणजे लोथारचं निम्मं आयुष्य. एकोणतीस वर्षं तो बेकरीची गाडी घेऊन जंगलातल्या अकरा गावांत पाव पोचवत होता. ज्यांना पहाटे उठायचं नसे ते कुंपणाला कापडी पिशवी अडकवून ठेवत. पिशवीत चिठ्ठी आणि पैसे. लोथार पैसे काढून पाव आत ठेवायचा आणि पुढे जायचा. एकोणतीस वर्षांत कुणाचा एक पाव कमी गेला नाही. त्या रस्त्याला सत्तेचाळीस वळणं होती. कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, कुठे दुसऱ्या गिअरला यायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. रोसविथाने मात्र तो रस्ता कधीच पाहिला नव्हता. ती चिनी मातीच्या कारखान्यात कपांच्या कडेला सोनेरी रेघ ओढायची. केसाएवढी बारीक रेघ, आणि हात जराही हलायचा नाही.

“एकोणीस,” लोथार म्हणाला आणि गाडी डावीकडे वळवली. “आता वीसला लाकडी घर लागेल. तिथली म्हातारी चिठ्ठीत पावाबरोबर हवामानही विचारायची.”

“आणि तू सांगायचास?”

“मागच्या बाजूला लिहून ठेवायचो. चुकलं की दुसऱ्या दिवशी शिव्या.”

रोसविथा हसली. मग तिने वेगाच्या काट्याकडे पाहिलं. “लोथार, सत्तरचा रस्ता आहे आणि तू पंचेचाळीसने चाललायस. मागे चार गाड्या साचल्यात.”

“सुट्टी आहे ना आपली? घाई कसली?”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. लोथारने स्टिअरिंग घट्ट धरलं. कडेची झाडं त्याला स्वच्छ दिसत होती, एकेक. समोरचा रस्ता तेवढा दिसत नव्हता. तो त्याला आठवत होता.

एकतिसाव्या वळणानंतर मधाचं कपाट लागलं. रस्त्याच्या कडेला उभं केलेलं लाकडी कपाट, आत मधाच्या बरण्या, दाराशी किमतीची पाटी आणि पैशांसाठी फटीची डबी. तिथे विकायला कुणी बसत नाही. लोथार उतरला, एक बरणी घेतली, पाच युरोची नोट डबीत सरकवली आणि परत आला.

रोसविथा काच खाली करून बघत होती. “साडेसहा आहे.”

“काय?”

“किंमत. साडेसहा युरो. तू पाचच टाकलेस.”

“नेहमी पाचच होते.”

“अरे, माझ्या तळहाताएवढे आकडे लिहिलेत पाटीवर!” तिने पर्स उघडली. पन्नासची एक नोट सोडली तर काहीच नव्हतं. “तुझ्याकडे आहेत दीड युरो?”

चिल्लर पंपावरच संपली होती. “परत येताना टाकू,” तो म्हणाला.

गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ रोसविथा नकाशाऐवजी त्याच्याकडे पाहत राहिली. ते त्याला कळलं, कारण कडेचं त्याला सगळं दिसत होतं.

अडतिसाव्या वळणावर पिवळी पाटी आली. “पूल बंद,” रोसविथाने वाचलं. “उजवीकडून वळसा. गावापर्यंत पंधरा किलोमीटर.”

लोथारने वेग आणखी कमी केला. उजवीकडच्या रस्त्याने तो एकोणतीस वर्षांत एकदाही गेला नव्हता. तिथल्या वळणांचा त्याच्याजवळ एकही आकडा नव्हता. पण थांबायचं तर कारण सांगावं लागणार. तो वळला.

रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना कीड लागून वाळलेली स्प्रूसची उंच झाडं. ऊन झाडांमधून पट्ट्यापट्ट्यांनी रस्त्यावर पडलेलं. उजेड, अंधार, पुन्हा उजेड. डोळ्यांतला डाग सगळ्यावरून सरकत होता. तो मान किंचित वाकडी करून कडेच्या नजरेने रस्ता पकडायला बघत होता.

“मान दुखतेय का तुझी?” रोसविथाने विचारलं.

“नाही.”

“मग सरळ बघ ना.”

त्याने सरळ पाहिलं. समोर राखाडी धुरकट गोळा होता, नेहमीसारखाच.

“थांब!” रोसविथा किंचाळली. “लोथार, माणूस!”

त्याने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी घसरत थांबली. डागाच्या आतून एक नारिंगी जॅकेट बाहेर आलं आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले. लाकूडतोडीसाठी रस्ता अडवून उभा असलेला कामगार होता. हातभर अंतर राहिलं होतं.

“डोळे फुटलेत का, आजोबा?” तो ओरडला. “हे जॅकेट काय मी लग्नाला जायला घातलंय? झेंडा हलवून हात दुखायला लागला माझा!”

“चुकलं,” लोथार कसाबसा म्हणाला.

“झाड पाडतायत पुढे. दहा मिनिटं रस्ता बंद. तोवर पाणी प्या.” कामगार बडबडत बाजूला झाला.

मग रोसविथाने मधाची बरणी त्याच्या तोंडासमोर धरली. “वाच.”

“रोझी...”

“वाच, काय लिहिलंय.”

“नाही दिसत,” तो म्हणाला. “मधलं दिसत नाही. तुझ्याकडे बघितलं की तुझी कानातली दिसतात. तोंड दिसत नाही.”

“कधीपासून?”

“डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. गाडी बंद म्हणाल्या.”

“आणि तू मला शेजारी बसवून डोंगरात आणलंस.” तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. “तो पोरगा तिशीचाही नसेल, लोथार.”

“तुला रस्ता दाखवायचा होता. तो मला पाठ आहे, म्हटलं...”

“माणसं पाठ असतात का?”

पुढे कुठेतरी करवत थांबली आणि एक झाड धाडकन पडलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. फोनला रेंज नव्हती.

“चौदा किलोमीटर राहिलेत,” तो हळूच म्हणाला. “एकदम सावकाश नेतो. तू सांगत राहा.”

“तू नेलीस तर मी इथे उतरते आणि चालत येते.”

लोथारने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. “मग तू चालव.”

रोसविथाने हात पुढे केला नाही. “मी? खड्ड्यातली बाई?”

लायसन्स तिच्याकडे १९७९ पासून होतं. १९९३च्या जानेवारीत बर्फावरून तिची छोटी ट्राबांट गाडी घसरून खड्ड्यात गेली. मागच्या सीटवर त्यांची सहा वर्षांची मुलगी होती, कुणाला खरचटलंही नाही. पण लोथारने ती गोष्ट प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक नाताळला रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसायचे. त्यानंतर रोसविथाने कधी किल्ली हातात घेतली नाही.

“ती गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही,” तो म्हणाला.

“सांग की. पण सगळी सांग.”

त्याला कळलं ती काय म्हणतेय. पंचवीस वर्षं त्याला वाटत होतं, ती विसरली असेल.

“टायर गुळगुळीत झाले होते,” तो म्हणाला. “तू दोनदा सांगितलं होतंस. मी बदललेच नव्हते.”

“आणि?”

“आणि चूक माझी होती. रोझी, गाडी तू चालव. मी विनंती करतोय.”

तिने किल्ली घेतली.

दोघांनी जागा बदलल्या. तिने सीट पुढे ओढली, आरसे तीनदा नीट केले. कामगाराने झेंडा खाली केला. पहिल्या झटक्याला गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. मागून हॉर्न सुरू झाले. कामगार खिडकीशी वाकला. “आता आजीबाई? अहो, यांना तरी मी दिसतोय ना?”

“तुझ्या हनुवटीखालची दाढी करायची राहिलीय,” रोसविथा म्हणाली. “बाजूला हो.”

तिसऱ्या वेळी गाडी हलली. क्लच, गिअर, सगळ्या सूचना लोथारच्या ओठांवर आल्या होत्या. त्याने दात आवळले. तिचे हात त्याला कडेच्या नजरेने दिसत होते. पांढरे पडलेले, पण जराही न हलणारे. चौदा किलोमीटरला तिने पन्नास मिनिटं लावली. गेस्ट हाउसच्या आवारात गाडी थांबवली तेव्हा तिचा शर्ट पाठीला चिकटला होता. किल्ली तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तो बघत होता.

रविवारी परतताना तीच चालवत होती. पूल बंदच होता, म्हणून ती दुसऱ्या बाजूने, मोठ्या रस्त्याने घरी आली. मधाचं कपाट त्या वाटेवर लागत नाही.

तिथले दीड युरो अजून द्यायचे आहेत.