मन्मथअप्पांची वानगी

मन्मथअप्पांच्या हातात नवं पुस्तक दिलं की ते पहिलं पान कधी उघडत नसत. एक पान सुरुवातीकडचं, एक पोटातलं आणि एक अगदी शेवटचं, अशी तीन पानं वाचायची, चष्मा कपाळावरच्या विभूतीपर्यंत वर सरकवायचा आणि निकाल द्यायचा. "माल बरा हाय," नाहीतर "वर चांगलं, तळात खडे." आमच्या गावच्या वाचनालयातलं कपाटभर साहित्य असं पास-नापास होऊन बसलं होतं. अप्पांनी चाळीस वर्षं युसूफ वडगावच्या बाजारात धान्याची आडत चालवली होती. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, वरची, मधली आणि तळातली वानगी तळहातावर घ्यायची आणि मगच भाव बोलायचा. पुढं गुडघे गेले, दुकान सुटलं, सवय तेवढी राहिली. वाचनालय सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून तेही त्यांच्याकडेच आलं.

"वरचे दाने सगळ्यांचेच चांगले असतेत, पोरी," ते म्हणायचे. "पोत्याचे काय, पुस्तकाचे काय. मानसाचे तर लईच."

मी तेव्हा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रबंधाचा विषय होता, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं गाव. शहरातून पिशवीभर छापील कागद घेऊन मी नाताळच्या सुट्टीला आले, ती थेट अप्पांसमोर. खरं सांगायचं तर सल्ल्यासाठी नाही, जरा मिरवायलाच. त्यांनी परदेशातल्या एका शहरावरचा लेख काढून घेतला. नेहमीची तीन पानं मला अर्थ सांगायला लावली आणि चित्रावर बोट ठेवलं.

"हे बर्फाचं गाव दिसतंय. घसरू नये म्हनून काय करतेत, ते आपल्याला काय करायचंय? पर बाकड्याला पाठ पायजे, हे मात्र शंभर टक्के. गुडघा तितला आन् हितला एकच."

असे त्यांनी पिशवीतले निम्मे कागद बाजूला काढले. मी मनातून चडफडत होते, पण हुकमाचा पत्ता अजून माझ्या हातात होता. एका मोठ्या संस्थेचा गुळगुळीत कागदावरचा जाडजूड अहवाल. त्यात चक्क आमच्या गावाचं नाव होतं! गावातले ज्येष्ठ मुला-सुनांजवळ राहतात, जेवणाखाण्याची आबाळ नाही, फक्त बसायला जागा आणि विरंगुळा हवा, असं त्यात लिहिलं होतं. माझं मुख्य प्रकरण त्यावरच उभं होतं. शिवाय सरपंचांनीही जानेवारीतल्या ग्रामसभेसाठी माझ्याकडून दोन पानांचं टिपण मागितलं होतं. म्हाताऱ्यांसाठी काय करायचं ते त्यावरून ठरणार होतं. देवळापुढं बाकडी टाका, असं मी लिहूनही ठेवलं होतं.

अप्पांनी शेवटचं पान उघडलं. "मोजलं कवा?"

"मे महिन्यात."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, मे मधी तर गाव भरलेलं असतंय! कारखान्यावरनं ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या, पुन्यावाले सुट्टीला आलेले. दसरा-दिवाळीनंतर बघ की, अर्धं गाव बाहेर. भरल्या पोत्याचं वजन करून रिकाम्याचा भाव काढतेत व्हय?"

"छापील आहे, अप्पा," मी चिडून म्हणाले.

"मंग मी कुठं खोटं म्हनलो? निस्तं मे महिन्याचं हाय."

मला दोन दिवस राग होता. राग यासाठी, की ते बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं गेले आणि विचारलं, मग पौषातलं खरं सापडणार कुठं? "गिरनीवर जा," ते म्हणाले. "कुनाचं दळन किती, हे बघ. पीठ खोटं बोलत न्हाई."

दगडूमामांच्या गिरणीत फळीवर डबे ओळीनं लावलेले होते. उन्हाळ्यात इथं पत्र्याचे मोठाले डबे असतात. आता बहुतेक डबे दुधाच्या बरणीएवढे. मामांना डब्यावरून घर कळत होतं. "ह्यो राहीबाईचा. लेक-सून कारखान्यावर, हिच्यापाशी दोन लेकरं, ती दुपारची शाळंत. ह्यो सोपानतात्याचा, एकट्याचा." फळीच्या टोकाला सगळ्यात लहान, घासून लखलखीत केलेला एक स्टीलचा डबा होता. "आन् ह्यो अप्पाचा."

"कुठले अप्पा?"

"गावात वाचनालयवाले अप्पा कितीक हायेत?"

सून कशी गरम भाकरी वाढते, याचं अप्पांनी केलेलं वर्णन मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांना गिरणीवरचा आपला डबा आठवला नव्हता, की मी तो बघावा असंच त्यांच्या मनात होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

घरोघर जाऊन मी माहिती भरली आणि मुद्दाम शेवटी, भर दुपारी, अप्पांकडे गेले. "शरणार्थ," असा त्यांच्या रीतीचा नमस्कार करून बसले आणि कागद काढला.

"लिही, लेक-सुनंसंगं ऱ्हातो."

"हे वरचे दाणे झाले, अप्पा. पोटातलं सांगा."

"दिवाळीला येतेत. मे मधी येतेत."

"आणि तळातलं?"

त्यांनी ताटावरचं झाकण उचललं. अर्धी भाकरी आणि चटणी. "सकाळी दोन थापतो. दुपारची एकट्याला गोड लागत न्हाई, म्हनून अर्धीच खातो." मग घाईनं म्हणाले, "हे लिहू नको बरं का. पोरगं वाईट न्हाई माझं. उगं त्याची अब्रू जायची." मी पेन खिशात ठेवलं. घरी येताना मला रडू आवरत नव्हतं.

ग्रामसभेत मी नवं टिपण वाचलं. दिवाळी ते गुढीपाडवा, दुपारचं एक जेवण समाजमंदिरात, सगळ्यांनी मिळून. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे तो गुळगुळीत अहवाल होता. "छापील एक म्हनतंय, तू एक म्हनतीस. एकटं जेवणाऱ्याचं एक नाव सांग, आत्ता ठराव घेतो."

नावं माझ्या हातातल्या कागदावर होती, आणि प्रत्येकानं हात जोडून सांगितलं होतं, नाव घेऊ नको. राहीबाईनं पदर तोंडाशी धरला. सोपानतात्या चपला बघत बसले. स्वतःचं नाव सांगणं म्हणजे चारचौघांत लेकाला नावं ठेवणं. आता बाकडीच येणार, असं मी धरून चालले.

तेवढ्यात मागं काठी वाजली.

"माझं लिहा," अप्पा म्हणाले. "पोरगं चांगलं हाय, सूनबी चांगली हाय. निस्ते ते पुन्यात आन् मी हितं. त्या अहवालवाल्या पोरांला मे मधी मीच सांगितलं, सगळं बेस हाय म्हनून. त्यातला वरचा दाना मीच."

मग राहीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "माझंबी लिवा." तिच्यामागून एकेक हात वर होत गेला.

माघात चूल पेटली. पहिल्या दिवशी अप्पा दारातच म्हणाले, "मी जेवाया न्हाई आलो, वानगी बघाया आलोय." मग वानगी रोजच बघावी लागली. वरण पातळ आहे, डाळ गेल्या सालची आहे, असं कुरकुरत ते अख्खी भाकरी खायचे आणि वर अर्धी मागून घ्यायचे. बाकडी नंतर आली, पाठीला टेकू असलेली.

परीक्षेसाठी शहरात परतायच्या आदल्या दिवशी मी बांधलेला प्रबंध त्यांना द्यायला गेले. त्यांनी तीन पानं उघडली. शेवटच्या पानावर, त्यांच्या परवानगीनं, त्यांचंच उत्तर होतं. एकटे राहतात, दुपारी अर्धी भाकरी.

"महिना लिहिलास का?"

"लिहिलाय. पौष."

"मंग बरोबर हाय." त्यांनी चष्मा वर सरकवला, पण निकाल काही दिला नाही. समाजमंदिराकडून राहीबाईची हाक आली, तशी काठी घेऊन ते उठले. पायरीवर थांबून मागं वळले.

"आता फागुन लागलाय," अप्पा म्हणाले. "पुन्ना मोज."