मधला खांब

अभियंत्यांच्या मंडळाची शाखा वर्ध्याला निघाली, तेव्हा मी विटा, चुना आणि वाळू पुरवत होतो. घमेली वाहता वाहता वर आलो होतो. दारात स्वतःचा ट्रक उभा होता. महिन्यातल्या एका रविवारी शाळेच्या खोलीत शाखेचं व्याख्यान होई. मला बोलावणं असे, खुर्ची मिळे, चहाही मिळे. सभासदत्व तेवढं मिळेना, कारण पदवी नव्हती. एकदा मी भर सभेत उठलो, "साहेब, तुमच्यातल्या निम्म्यांची घरं माझ्या विटांवर उभी आहेत!"

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "विटा चांगल्याच आहेत. नियमही चांगला आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

शाखेचे बेत मोठे होते. पुस्तकांचं कपाट करायचं, खेड्यांतल्या विहिरी तपासायच्या, दर हिवाळ्यात एखादं बांधकाम पाहायला जायचं. पहिली सहल ठरली समुद्रपूरच्या वाटेवरच्या एका जुन्या दगडी पुलाची. अध्यक्षांनी आधीच्या व्याख्यानात तो फळ्यावर काढून दाखवला. बाकीचे खांब मूळचे. मधला पुरात वाहून गेला, तो मागाहून नवा बांधला.

मी चहा न घेताच घरी आलो. वाहून गेलेला तो मधला खांब माझ्या बापानं घडवला होता.

बा पाथरवट. मी अंगावर पीत होतो तेव्हा तो त्या पुलावर दगड घडवत होता आणि माय तिथंच चुना वाहत होती. पुढं माय लवकर गेली. आता बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सहलीचं त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं हट्टच धरला.

"मले ने. एकदा हात लावून येतो."

"बा, ट्रकात लय हादरे बसते."

"बसू दे ना. मी का काचेचा आहो?"

खांब राहिला नाही, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

शाखेचे चिटणीस ट्रक मागायला आले. मी म्हणालो, "ट्रक फुकट नेजा. पण माहा बा समोर बसन, ड्रायव्हरजवळ."

"तिथे अध्यक्ष बसणार आहेत."

"मग अध्यक्षाइले बैलगाडी पाहा म्हणा."

निघायच्या सकाळी अध्यक्ष आले, बाला पुढं बसलेलं पाहिलं आणि मागं चढून सतरंजीवर बसले. वाटभर मी त्यांच्या शेजारीच होतो. खांबाचं बोलू नका, एवढंच मागायचं होतं. पण ज्यानं मला दाराशी अडवलं, त्याच्याकडे मागणं मागायला माझी जीभ वळेना.

नदीचं पात्र कोरडं होतं. अध्यक्षांनी सगळ्यांना मधल्या खांबापाशी बोलावलं. बा माझा हात धरून आला आणि सगळ्यांच्या आधी खांबाला भिडला. दोन्ही तळवे दगडावर टेकवले. छिन्नीनं त्या तळव्यांतली जाणीव कधीच खाल्ली होती.

"हे पाहा बापू, आमचं काम," तो म्हणाला. "तुही माय इथंच बसे, सावलीले. तू मांडीवर."

एक तरुण सभासद चटकन बोलून गेला, "पण हा खांब तर—"

"बाबा," अध्यक्ष त्याला मध्येच तोडून बाला म्हणाले, "काम पक्कं आहे. पुष्कळ पूर पाहील." मग सभासदांकडे वळून म्हणाले, "चला, मी पलीकडच्या खांबापाशी बोलणार आहे."

एक इंच चुकला तर नकाशा परत करणारा तो माणूस. मंडळी त्याच्यामागं निघून गेली. आम्ही दोघंच उरलो. बा दगडावरून हात फिरवत राहिला, मायचं काहीबाही सांगत राहिला. जे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, ते मी त्या दिवशी ऐकलं. ती चुन्याची पाटी उतरवताना गाणं म्हणे, हेही तेव्हाच कळलं.

परतताना मी बाजवळ बसलो.

"साहेब भला माणूस आहे," तो म्हणाला. "तुले मेंबर काऊन नाई करत मंग?"

"नियम आहे म्हणते."

"तू भांडला असशीन."

पुढच्या सभेत मी पुन्हा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, नियम तोच आहे. माझं डोकं पुन्हा तडकलं. तो राग अजून गेलेला नाही. ट्रक मात्र दर हिवाळ्यात मी न मागता पाठवत राहिलो.